काळजी घेणे आणि काळजी वाटणे

मराठीत 'काळजी' हा एकच शब्द दोन कामे करतो. आजाऱ्याची आपण काळजी घेतो, आणि आजाऱ्याचा ताप उतरेना म्हणजे आपल्याला काळजी वाटते. इंग्रजीत या दोन गोष्टींना 'केअर' आणि 'अँग्झायटी' असे दोन निराळे शब्द आहेत व पुस्तकांतही त्यांची प्रकरणे निराळी असतात. दुसऱ्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या तासाला 'चिंता' हे प्रकरण चालू होते, तेव्हा हा फरक मनात आला. मग असे वाटले की, ज्यांना पगार काळजी घेण्याचा मिळतो, त्यांना काळजी वाटत असेल की नाही? वाटत असेल तर ती त्या कोठे ठेवतात? हा प्रश्न म्हणजे परिचारिकांचा प्रश्न होय.

मला तो सुचण्याचे कारण घरचेच आहे, ते सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि महिन्याच्या पगाराची नोकरी लागलेली माझी थोरली बहीण पहिली. ती एका रुग्णालयात कंत्राटी परिचारिका आहे. गेल्या वर्षी आमचे चुलते वारले. घरात आकांत चालला असताना ताईने त्यांचे डोळे मिटले, हनुवटीला फडके बांधले, अंगावरची चादर नीट केली आणि मग ती चुलीकडे पाणी तापवायला गेली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. आई नंतर कितीतरी दिवस म्हणत होती, "नर्स झाल्यापासनं पोरगी दगड झाली." माझ्या धाकट्या बहिणीचे यंदा बारावीचे वर्ष आहे व तिलाही नर्सिंगलाच जायचे आहे. त्यामुळे परिचारिका खरोखरच दगड होतात काय, हा आमच्या घरात नुसता पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही. आई म्हणते एक पुरे. आण्णा म्हणतात पगार पुरे. मी आपला पुस्तके उघडली, आणि पाच परिचारिकांशी बोललो. त्यांतील एक निवृत्त आहेत. त्यांची व त्यांच्या रुग्णालयांची नावे मी येथे देत नाही, कारण चौघींना अजून नोकरी करायची आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. 'सहानुभूती' हा शब्द आपण सर्रास वापरतो. श्रद्धांजलीच्या सभेत तर तो हमखास असतो. मानसशास्त्रात मात्र 'समानुभूती' नावाची वेगळी गोष्ट आहे. सहानुभूतीत मी काठावर उभा राहून बुडणाऱ्याबद्दल हळहळतो. समानुभूतीत त्याला पाणी किती थंड लागत असेल हे मला कळते. इंग्रजीतील 'एम्पथी' हा शब्द फारसा जुना नाही. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली एका जर्मन शब्दावरून तो बनविला. पुढे कार्ल रॉजर्स यांनी १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्याला एक महत्त्वाची अट घातली. दुसऱ्याचे अंतरंग ते जणू आपलेच आहे अशा तऱ्हेने जाणायचे, पण 'जणू' हा शब्द विसरायचा नाही. 'जणू' गळून पडला की समानुभूती संपली, आणि बुडणारी माणसे एकाची दोन झाली.

आमच्या गावाकडे हे दोन्ही शब्द कोणी वापरत नाही. तिकडे 'आतडे तुटते' म्हणतात. हा शब्दप्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात ज्याचे आतडे तुटते त्यालाही दुखते हे गृहीत धरलेले आहे.

नेमके हेच दुखणे वेगळे काढून मोजण्याचा प्रयत्न मार्क डेव्हिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केला. त्याने १९८० साली २८ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे प्रत्येकी सात विधानांचे चार भाग आहेत: दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणे, कथेतल्या पात्रांशी एकरूप होणे, दुसऱ्याविषयी कळवळा वाटणे आणि दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच अस्वस्थ, कासावीस होणे. यातील शेवटचे दोन भाग वरवर सारखेच दिसतात. अपघात झालेल्या माणसाला पाहून एकाच्या मनात 'याला किती लागले असेल' असे येते, आणि दुसऱ्याच्या मनात 'मला हे बघवत नाही' असे येते. दोघांचेही डोळे भरून येतात. पण पहिल्याचे लक्ष जखमीकडे असते, आणि दुसऱ्याचे स्वतःच्या छातीतील धडधडीकडे. पहिला पुढे सरकतो. दुसरा तोंड फिरवितो. डेव्हिसच्या १९८३ च्या लेखात असे दिसते की, हे कासावीस होणे ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात लोकांत वावरतानाची चिंताही जास्त असते. कळवळ्याचे तसे नाही.

हे वाचल्यावर माझ्या प्रश्नाची अर्धी गाठ सुटली. ज्याला आपण 'मऊ काळजाचा' म्हणतो तो माणूस परिचारिकेच्या कामाला चांगलाच असेल असे नाही, आणि जिचे डोळे कोरडे तिचे काळीजही कोरडे असे तर मुळीच नाही. जर्मनीतील लाइपझिग येथे तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना आधी दुसऱ्याचे दुःख आपल्यात उतरवून घेण्याचे शिक्षण दिले, तेव्हा त्यांचे स्वतःचे मन अधिक खिन्न झाले. पुढे त्याच लोकांना दुःखिताविषयी माया व त्याचे भले व्हावे ही भावना जोपासायला शिकविले, तेव्हा ती खिन्नता उलटली. याचा अर्थ 'भावना कमी करा' हा उपाय नव्हे. भावनेची दिशा बदलावी लागते.

आता उरलेली अर्धी गाठ. माणूस एकटा नसतो, तो एखाद्या संस्थेत असतो; आणि संस्थेलाही आपल्या चिंतेची विल्हेवाट लावावी लागते. या विषयावरचा सर्वांत मोठा लेख इझाबेल मेंझीस यांचा. त्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत होत्या. लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाने विद्यार्थिनी परिचारिकांच्या नेमणुकांची घडी बसविण्यासाठी त्यांची मदत मागितली, आणि त्यातून निघालेला अभ्यास १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. आमच्या सरांनी तो मिळवून दिला. शब्दकोश जवळ घेऊन वाचायला मला तीन आठवडे लागले, पण कथा-कादंबरी वाचावी तसा तो मी वाचला.

मेंझीसबाई म्हणतात की, परिचारिकेचे काम मुळातच भय, किळस, दया, राग, लाज अशा सगळ्या भावना एकदम ढवळून काढणारे आहे. परक्या माणसाचे उघडे शरीर, मलमूत्र, वेदना आणि मरण यांच्याशी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा रोज संबंध येतो. (येथे मी थोडा थांबलो, कारण माझे वय तेवढेच आहे.) ही चिंता सहन व्हावी म्हणून रुग्णालयाच्या कामाची रचनाच अशी होत गेली की, परिचारिकेचा व रुग्णाचा फार जवळून संबंध येऊ नये. एका परिचारिकेला चार रुग्ण पूर्णपणे न देता, सगळ्या रुग्णांचे एकेक काम देतात: एकीने तापमान घ्यायचे, दुसरीने भांडी द्यायची, तिसरीने गोळ्या वाटायच्या. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगाने ओळखतात; 'दहा नंबरचे यकृत' हे त्यांनीच दिलेले उदाहरण आहे. काम ठरलेल्या रीतीनेच करायचे, त्यात आपली बुद्धी चालवायची नाही. रुग्ण झोपलेला बरा असे विद्यार्थिनीला वाटत असले तरी डॉक्टर येण्यापूर्वी सगळ्यांची तोंडे धुऊन झाली पाहिजेत म्हणून त्याला पहाटे उठवायचे. निर्णय एकीने घ्यायचा नाही; तो तपासायचा, पुन्हा तपासायचा आणि वर पाठवायचा.

माझ्या बहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. "हे लंडनचं आहे होय? मला वाटलं आमचंच लिहिलंय." पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला 'ओव्हर' देते, म्हणजे कोणत्या रुग्णाचे काय चालले आहे ते सांगते. त्या ओव्हरमध्ये 'सहा नंबरचं सलाईन संपत आलंय', 'जळीत बाईचं ड्रेसिंग राहिलंय', 'अकरा नंबर सिरियस' अशीच भाषा असते. ती भाषा निर्दयपणाची नाही. चाळीस नावे लक्षात ठेवणे अवघड, आणि त्यातले एखादे नाव उद्या नसणे त्याहून अवघड.

पण मेंझीसबाईंचा खरा निष्कर्ष पुढे आहे, व तो मला फार मोलाचा वाटतो. या सगळ्या युक्त्यांनी चिंता कमी होत नाही. ती फक्त टळते. टळलेली चिंता पुन्हा दुसऱ्या रूपाने येते. परिचारिकेला रुग्ण बरा झाल्याचे समाधानही मिळत नाही, कारण तिने त्याचे एकच काम केलेले असते. तो घरी जाताना आभार मानतो ते सगळ्या रुग्णालयाचे. त्या रुग्णालयात सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडीत होत्या, त्यांपैकी बहुतेक आपणहून, आणि सोडून जाणाऱ्यांत चांगल्या कुवतीच्या मुली बऱ्याच होत्या. माणुसकी जास्त असणारीच आधी बाहेर पडावी, ही त्या रचनेची किंमत होती.

याच संदर्भात आर्ली हॉक्सचाइल्ड यांच्या १९८३ च्या पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. त्यांनी विमानातील हवाई सुंदरींचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. पगारासाठी हात राबतात तशा भावनाही राबतात. एक प्रकार म्हणजे चेहऱ्यावर हसू ठेवणे. दुसरा म्हणजे मनातच ती भावना उत्पन्न करण्याचा प्रयत्न करणे. हवाई सुंदरीचा प्रवासी दोन-चार तासांनी उतरून जातो, तरी तिला त्या हसण्याचा शीण येतो. परिचारिकेचा रुग्ण महिनाभर असतो आणि तो कधी कधी घरी जात नाही.

भावनिक मोकळेपणाविषयी आपल्याकडे एक समज आहे की, परिचारिकेने स्वतःचे काही बोलू नये. सिडनी जुरार्ड यांनी १९६४ च्या 'द ट्रान्स्परंट सेल्फ' या पुस्तकात याच्या उलट बाजू मांडली. आपले खरे मन दुसऱ्यापुढे उघडे करणे याला ते 'आत्मप्रकटीकरण' म्हणतात, आणि परिचारिकांच्या ठरावीक गोड वागणुकीवर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले आहे. ठरावीक गोडव्यामुळे रुग्णही ठरावीकच उत्तरे देतो, 'कसं वाटतंय?' 'बरं वाटतंय.' झाले, दोघेही सुटले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर शंभर वर्षे आधी, १८५९ च्या सुमाराच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या छोट्या पुस्तकात पोकळ धीर देणाऱ्यांवर एक पूर्ण प्रकरण खर्ची घातले होते. नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातात दिवा घेतलेली, मायेने वाकलेली मूर्ती आठवते. पुस्तकातील बाई मात्र चांगल्याच कडक आहेत. अनिश्चितता, वाट पाहणे आणि अचानक काहीतरी होईल ही धास्ती रुग्णाला शारीरिक श्रमांहून अधिक अपाय करते असे त्या सांगतात. रुग्णाच्या चिंतेकडे त्यांनी तापाइतकेच लक्ष दिले.

मोकळेपणाने काय होते याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. केनेथ श्वार्त्झ हे अमेरिकेतील बॉस्टन शहरी वकिली करीत. चाळिशीत त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि १९९५ साली ते वारले. मृत्यूपूर्वी काही आठवडे त्यांनी एक लेख लिहिला. शस्त्रक्रियेपूर्वीची माहिती घेणारी परिचारिका सुरुवातीस तुटकपणे बोलत होती. आपल्याला बहुधा गंभीर कर्करोग आहे हे त्यांनी सांगताच ती निवळली. तिने त्यांचा हात हातात घेतला, दोन वर्षांच्या मुलाची चौकशी केली. मुलाचे नाव ऐकून ती म्हणाली की, तिच्या भाच्याचेही तेच नाव आहे. बस, एवढेच. औषधाचा एक थेंब त्यात नाही. पण मरणाच्या दारात असलेल्या माणसाला जे थोडे लिहायचे होते त्यात भाच्याच्या नावाला जागा मिळाली.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले तर परिचारिकेच्या चिंतेत आणखी एक धागा आहे, तो समाजाच्या नजरेचा. १८९७ साली पुण्यातील प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाई फुले त्या रोगाला बळी पडल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे आणि कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढणे, या दोन गोष्टींमुळे घरंदाज म्हणविणाऱ्यांना हा पेशा हलका वाटे. तो वास अजून पुरता गेलेला नाही. आमच्याच गावात ताईच्या स्थळाची बोलणी चालू असताना 'रात्रपाळी असते का हो?' हा प्रश्न ज्या स्वरात विचारला गेला, तो स्वर मी ऐकला आहे.

आणि भय नुसत्या नजरेचे नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्या जन्मभरासाठी अचेतनावस्थेत गेल्या. त्या वेळी परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. पुढची बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरविले, न्हाऊ-माखू घातले. हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुली पुढे नोकरीला लागल्या आणि त्यांनीही ते केले. त्यांचे जीवन संपू द्यावे या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. न्यायालयाने मागणी फेटाळली, आणि रुग्णालयातील कर्मचारी हेच त्यांचे खरे आप्त होत असे मानले. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नव्हते, याची निकालात नोंद आहे. तो निकाल योग्य की अयोग्य यावर पुष्कळ वाद झाला, त्यात मी शिरत नाही. मला दिसते ते असे की, तेथे खाटेचा क्रमांक नव्हता, नाव होते. कामाचे तुकडे नव्हते, एक पूर्ण माणूस होते. आणि तेथे परिचारिका दगड झाल्या नाहीत. उलट, जे घडले ते आपल्यापैकी कोणावरही घडू शकते ही चिंता जिच्याकडे पाहून रोज जागी व्हावी, तिचीच काळजी त्यांनी घेतली.

तरीही सगळे मनावर टाकून चालणार नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आपल्या देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे म्हटले होते. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक व इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. ताईच्या वॉर्डात रात्री चाळीस खाटांना दोघी असतात आणि खाटांखालीही रुग्ण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात ५९ लाख परिचारिका कमी होत्या. अशा स्थितीत समानुभूतीवर व्याख्यान ठेवणे म्हणजे उपाशी माणसाला चावून खाण्याचे फायदे सांगणे होय. रुग्णाजवळ बसायला दोन मिनिटे नसतील तर त्याच्या मुलाचे नाव विचारणार कोण?

मी ज्या पाच जणींशी बोललो त्यांना एकच प्रश्न सारखा विचारला: रडू आले तर कोठे रडता? एक म्हणाली, चादरींच्या खोलीत. दुसरी म्हणाली, न्हाणीघरात नळ सोडून. ताई म्हणाली, "एसटीत. खिडकीशी बसायचं, वारं लागतं म्हणून डोळ्यांतनं पाणी येतंय असं वाटतं लोकांना." तिसरी म्हणाली की आता येत नाही, आणि ते सांगताना तिने विषय बदलला.

श्वार्त्झ यांच्या मृत्यूनंतर, १९९७ पासून, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एक उपक्रम सुरू झाला व पुढे तो इंग्लंडातही गेला. ठरावीक दिवशी डॉक्टर, परिचारिका, इतर कर्मचारी एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाविषयी बोलतात. त्याच्या उपचाराविषयी नव्हे, तर त्याची सेवा करताना आपल्याला काय वाटले याविषयी. कोणी तोडगा काढीत नाही.

आपल्याकडे असे काही आहे का, असे मी निवृत्त सिस्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, मीटिंग वगैरे काही नव्हते. वॉर्डात कोणी गेले की आधी केसपेपर पुरा करायचा, सह्या घ्यायच्या, मामांना हाक मारून देह हलवायचा आणि खाट पुसून पुढच्या रुग्णाला द्यायची. अर्ध्या तासात त्या खाटेवर दुसरे माणूस. पण नवीन मुलीच्या वॉर्डातला पहिला मृत्यू असला की त्या तिच्या हातातून केसपेपर काढून घेत आणि म्हणत, "जा, चहा पिऊन ये. मी बघते." दहा मिनिटे. मुलगी परत आली की तिला विचारीत, त्यांचं नाव काय होतं गं? नाव सांगता सांगता ती मुलगी बहुधा रडे. मग दोघी मिळून खाट पुशीत.